प्रबंध शोधगंगेवर, डेटा कुठे?

पीएच.डी.चा व्हायवा झाला, पेढे वाटून झाले, प्रबंधाची पीडीएफ शोधगंगेवर चढली, की आपल्याकडे संशोधन संपले असे धरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ती सांभाळायला शोधगंगा हा ऑनलाइन संग्रह उभा केला. त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात लिहिलेला प्रबंध आज जगात कुठेही बसून उघडता येतो. एकेक प्रबंध वाचायला दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात मुक्काम ठोकणाऱ्यांना विचारा, ही सोय किती मोठी आहे ते सांगतील. पण त्याच प्रबंधातली कोष्टके ज्या प्रश्नावल्यांवरून, मुलाखतींवरून किंवा प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून तयार झाली, ती सामग्री कुठे आहे, असे जरा विचारून पाहा. लॅपटॉप बिघडला. पेन ड्राइव्ह गाइडसरांना दिला होता. प्रश्नावल्यांचे गठ्ठे घर बदलताना रद्दीत गेले.

हा काही मराठवाड्याचाच दोष नाही. टिमथी वाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहिला आणि २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’मध्ये निष्कर्ष छापले. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर प्रत्येक वर्षागणिक त्याचा डेटा शिल्लक असण्याचे ‘ऑड्स’ १७ टक्क्यांनी घटत होते. चोरी नाही की आग नाही. डेटा जुन्या संगणकात अडकला होता, किंवा लेखकाचा ईमेल पत्ताच बंद पडला होता. वर्षांमागून वर्षे नुसते कुणी लक्ष दिले नाही, एवढेच.

लक्ष द्यायला माणूस हवा, हे युरोपातल्या विद्यापीठांनी आपल्या आधी ओळखले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने २०१७ पासून प्रत्येक विद्याशाखेत एक डेटा स्टुअर्ड, म्हणजे डेटाकडे लक्ष देणारा माणूस, नेमायला सुरुवात केली. या सर्वांचा समन्वय ग्रंथालयातून होतो, पण ते बसतात विद्याशाखेत, संशोधकांच्या शेजारच्या खोलीत. नेमताना त्या विषयात स्वतः संशोधन केल्याचा अनुभव पाहिला जातो. मला या योजनेतली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सर्व्हर विकत घेता येतो, सॉफ्टवेअर फुकट मिळते. पण ‘तुमची प्रश्नावली मला दाखवा, त्यातला सातवा प्रश्न पुढे तुम्हाला अडचणीत आणणार आहे’ असे वेळेवर सांगणारा माणूस मिळत नाही.

आपल्या विद्यापीठांच्या मंजूर आकृतिबंधात असे पद सहसा सापडत नाही आणि प्राध्यापकांच्याच जागा रिकाम्या असताना ते लवकर निर्माण होईल या आशेवर कुणी बसू नये. बारेंड मॉन्स या डच शास्त्रज्ञाने २०२० साली ‘नेचर’मध्ये लिहिले होते की संशोधनाच्या निधीतला ५ टक्के वाटा डेटा नीट सांभाळण्यावर खर्च करावा. आपल्याकडे ज्या विद्यार्थ्याची फेलोशिपच महिनोन्महिने उशिरा येते, त्याला हे ऐकवणे म्हणजे थट्टा होईल. तेव्हा पद नसताना हे काम कसे चालवायचे, त्याचाच विचार करू. हा लेख संशोधकांसाठी आहे, गाइडसाठी आहे, पण सर्वांत आधी तो महाविद्यालयातल्या आणि विद्यापीठातल्या ग्रंथपालांसाठी आहे.

स्टुअर्डचे काम कोणते, आणि कोणते नाही

आधी नाही ते सांगतो, कारण आपल्याकडे संगणकाशी थोडी दोस्ती असलेल्या माणसाचे काय होते ते सर्वांना माहीत आहे. डेटा स्टुअर्ड कुणाच्या प्रश्नावल्या एक्सेलमध्ये भरून देत नाही, एसपीएसएस चालवून कोष्टके काढून देत नाही, प्रबंधाची पाने जुळवत नाही आणि प्रिंटर दुरुस्त करत नाही. आणखी एक धोका आहे. कार्यालयात ‘डेटा’ म्हटले की लगेच नॅक, एनआयआरएफ आणि उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे तक्ते आठवतात. ज्याला संशोधनाचा डेटा सांभाळायला नेमले, तो महिनाभरात आयक्यूएसीच्या टेबलावर पाच वर्षांच्या प्रकाशनांचे आकडे भरताना दिसेल. नेमणुकीच्या पत्रातच या कामातून त्याला वगळल्याचे लिहून घ्यावे. अतिशयोक्ती वाटत असेल तर कोणत्याही महाविद्यालयाच्या आयक्यूएसी समन्वयकाला विचारा.

मग काम कोणते? संशोधन सुरू होण्यापूर्वी संशोधकाशी बसून बोलणे. कोणती माहिती जमवणार, कोणाकडून, कोणत्या स्वरूपात, ती कुठे ठेवणार, कोणाला दिसेल, संशोधन संपल्यावर तिचे काय होईल. या चार-सहा प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहून घेणे म्हणजे डेटा व्यवस्थापन आराखडा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून अर्जासोबत तो मागायला सुरुवात केली आणि तिथल्या आरोग्य संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेने जानेवारी २०२३ पासून. परदेशी सहकाऱ्यांबरोबर प्रकल्प करणाऱ्या आपल्या प्राध्यापकांना हा कागद आता अधूनमधून भरावा लागतो आणि बहुतेक जण तो शेवटच्या रात्री कुठूनतरी उतरवून भरतात. स्टुअर्ड हाताशी असता तर तोच कागद उपयोगाचा झाला असता.

दुसरे काम मध्यस्थाचे. नैतिकता समिती, विद्यापीठाचा संगणक कक्ष, ज्ञानस्रोत केंद्र (म्हणजे ग्रंथालय), गाइड आणि विद्यार्थी हे पाच जण एकमेकांशी क्वचितच बोलतात. संगणक कक्षाला मुलाखत देणाऱ्याच्या संमतिपत्रात काय लिहिले आहे ते माहीत नसते आणि समितीला विद्यार्थी ती मुलाखत कोणाच्या खासगी ड्राइव्हवर ठेवणार आहे ते माहीत नसते. हे जोडून देणारा एक माणूस असला तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

काही विषयांत ही शिस्त आपल्याकडे आधीच रुजली आहे. मराठवाडा विद्यापीठातच पॉल हेबर्ट डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्र आहे. प्राण्याच्या सीओआय जनुकातला सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून प्रजाती ओळखण्याची ही पद्धत. वाचलेला क्रम बोल्ड किंवा जेनबँक या जागतिक कोशांत जमा करून त्याचा क्रमांक निबंधात द्यायचा, असा या क्षेत्राचा रिवाज आहे. क्रमांक नसेल तर चांगली नियतकालिके निबंध घेत नाहीत. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीचेही असेच: ज्याने निरीक्षणाची वेळ मिळवली त्याला काही काळ डेटावर एकट्याचा हक्क, मग तो संग्रहातून सर्वांना खुला. या संशोधकांचा स्वभाव आपल्यापेक्षा निराळा आहे असे मुळीच नाही. तिथे दरवाजावर कुणीतरी उभे आहे, एवढाच फरक. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मराठी, उर्दू, वाणिज्य, शिक्षणशास्त्र या विषयांना असा दरवाजाच नाही आणि आपल्या प्रबंधांचा मोठा वाटा याच विषयांतला आहे. स्टुअर्डने सुरुवात इथून करावी.

गावात उतरण्यापूर्वी

पहिली बैठक संमतिपत्रावर खर्ची पडली तरी चालेल. आपल्याकडच्या संमतिपत्रांत एक वाक्य सर्रास असते: ‘ही माहिती केवळ संशोधनासाठी वापरली जाईल आणि काम झाल्यावर नष्ट केली जाईल.’ कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून ते उतरत आले आहे. हे वाक्य लिहिले की पुढची सगळी दारे बंद. बीडच्या ऊसतोड कामगार महिलांच्या मुलाखती तुम्ही दोन हंगाम फिरून जमवल्या असतील, तरी त्या पुढच्या संशोधकाला देता येणार नाहीत, कारण तुम्ही तसा शब्द दिलेला आहे. त्याऐवजी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: मुलाखत द्यायला तयार आहात का, ती ध्वनिमुद्रित करू का, आणि नाव-गाव काढून टाकल्यावर ती इतर अभ्यासकांना वाचायला ठेवू का. तिसऱ्याला कुणी नाही म्हणाले तर नाही. पण विचारलेच नाही तर ‘हो’ कधीच मिळत नाही.

संमती कोणत्या भाषेत घेता हेही पाहा. संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यात दखनी बोलणाऱ्या आजींना शासकीय मराठीतला कागद वाचून दाखवणे, किंवा तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या बाईचा अंगठा घेणे, याला संमती म्हणत नाहीत. तोंडी समजावून सांगा, त्यांच्या भाषेत, आणि तेच ध्वनिमुद्रित करून ठेवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समजेल अशा भाषेतल्या संमतीवर भर आहे. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात काम करणाऱ्या आरोग्य संशोधकांना हे ठाऊक असते. समाजशास्त्रवाल्यांनी ते त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.

कायद्याची बाजूही स्टुअर्डला ठाऊक हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधन, संग्रहण आणि सांख्यिकी या कामांना कायद्यात सवलत आहे, पण ती सरसकट नाही. त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, अशी अट आहे. ‘आम्ही संशोधन करतो, आम्हाला कायदा लागू नाही’ असे कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा. आणि साधी गोष्ट: आधार क्रमांक मागूच नका. तुमच्या गृहीतकाशी त्याचा काहीही संबंध नसतो.

नावे काढली म्हणजे ओळख पुसली असेही नाही. अडीचशे उंबऱ्यांचे गाव, त्यात एका समाजाची तीनच घरे, त्यातली अडतीस वर्षांची विधवा, दोन एकर कोरडवाहू, नवऱ्याने २०१५ च्या दुष्काळात आत्महत्या केलेली. या ओळीत नाव नाही, तरी गावातला शाळकरी पोरगाही ती कोण ते सांगेल. अशा वेळी गावाऐवजी तालुका द्यावा, नेमक्या वयाऐवजी वयोगट, जमिनीऐवजी ‘अल्पभूधारक’ एवढेच. आणि तरीही ओळख पटत असेल तर ती मुलाखत खुली करू नये, परवानगी मागणाऱ्या अभ्यासकालाच दाखवावी. नावे आणि संकेतांक जोडणारी यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड घालून, मूळ डेटापासून दूर. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी हाच नियम ठिकाणांना लावावा. तेर किंवा पैठण परिसरातल्या उघड्यावरच्या अवशेषांचे जीपीएस आकडे दशांश स्थळांसह प्रसिद्ध करणे म्हणजे कुदळ घेऊन येणाऱ्यांना वाट दाखवणे.

एक्सेल, फॉन्ट आणि जिल्ह्यांची नावे

आता थोडे खोलात जाऊ, कारण स्टुअर्डचा बहुतेक वेळ इथेच जातो आणि खरा उपयोगही इथेच दिसतो.

एक्सेलला तारखा फार आवडतात. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत जनुकांच्या नावांच्या तारखा होऊन बसल्या आहेत. सेप्टिन कुळातल्या जनुकांचे लघुरूप ‘सेप्ट’ असे होते. पुढे २ आकडा आला की एक्सेलने त्याचा २ सप्टेंबर केला. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली जनुकांचीच नावे बदलली. मायक्रोसॉफ्टपुढे जीवशास्त्राने हात टेकले, असे म्हणायला हरकत नाही.

तुम्ही जनुकांवर काम करत नसाल. पण शेतीचे सर्वेक्षण करत असाल तर गट क्रमांक १२/३ टंकल्यावर एक्सेल त्याची तारीख करते, आणि तुमच्या संगणकावर दिवस आधी की महिना आधी यावर तो १२ मार्च होणार की ३ डिसेंबर ते ठरते. ‘२-५ एकर’ हा धारणगट नुसता २-५ असा भरला की तीही तारीख. चारशे शेतकऱ्यांची माहिती भरून झाल्यावर हे लक्षात आले तर मूळ आकडा परत मिळत नाही, प्रश्नावल्या पुन्हा उलगडाव्या लागतात. उपाय दोन मिनिटांचा आहे: टंकायला सुरुवात करण्यापूर्वी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ असा ठरवून घ्यायचा. स्टुअर्ड तुम्हाला हे पहिल्या दिवशी सांगेल. व्हायवाच्या आदल्या रात्री सांगणारे बरेच भेटतात.

रंगांचेही तेच. ‘पिवळ्या ओळी म्हणजे अपूर्ण मुलाखती’ हे तुमच्या डोक्यात असते. फाइल सीएसव्हीमध्ये साठवली की रंग उडतो आणि डोक्यातले डोक्यातच राहते. रंगाऐवजी वेगळा स्तंभ करा: पूर्ण, अपूर्ण. शिवाय एक ‘स्तंभ-ओळख’ फाइल ठेवा. कोणत्या स्तंभात काय आहे, एकक कोणते, ० म्हणजे शून्य की उत्तर दिले नाही, ९९ कशासाठी वापरला. दहा वर्षांनी हा डेटा उघडणाऱ्याला, आणि तो बहुधा तुम्हीच असाल, या एका पानावाचून पुढे जाता येत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांची खास अडचण फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे जुने फॉन्ट यांत टंकलेल्या मजकुराच्या पोटात प्रत्यक्षात देवनागरी नसतेच. रोमन चिन्हांवर देवनागरी आकार चढवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती मुलाखत उघडली की अगम्य चिन्हांची रास दिसते. दोन हजार सालच्या आगेमागे टंकलेले मराठीतले बरेचसे संशोधन साहित्य याच अवस्थेत पडून आहे. नवे काम युनिकोडमध्येच करा. जुने रूपांतरित करताना रफार, जोडाक्षरे आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतर करणारी साधने ‘कार्य’चे काय करतील याचा भरवसा नाही. मूळ फाइल फेकू नका आणि त्यासोबत तो फॉन्टही जपून ठेवा. युनिकोडमधली सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडली तरी मराठीची अशीच चिन्हे होतात. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. ‘डेटा’ मेनूतून ती आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

गावांची नावे हा तर स्वतंत्र प्रांत आहे. एकाच सर्वेक्षणात ‘पिंपळगाव’, ‘पिंपळगांव’ आणि ‘पिंपळगाव बु.’ अशी तीन रूपे सापडतात आणि ती तीन गावे आहेत की एक, ते गणक गावाला परत गेल्यावर कुणालाच सांगता येत नाही. नावासोबत जनगणनेचा गावाचा संकेतांक किंवा केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला क्रमांक लिहिला की हा घोळ मिटतो. जिल्ह्यांची नावे बदलल्यामुळे याची गरज वाढली आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले. त्याआधीची कोष्टके जुन्या नावांनी आहेत, पुढची नव्या नावांनी. यंत्राला हे चार वेगळे जिल्हे दिसतात. २०११ च्या जनगणनेत पहिल्याचा संकेतांक ५१५ आणि दुसऱ्याचा ५२५ आहे. नाव काहीही लिहा, आकडा जोडून ठेवा.

त्याहून मोठा सापळा हद्दींचा आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, लातूर १९८२ च्या ऑगस्टमध्ये, हिंगोली १ मे १९९९ रोजी. म्हणजे १९७१ च्या औरंगाबाद जिल्ह्याची तुलना १९९१ च्या औरंगाबादशी करणाऱ्याला जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम वाढल्याचा किंवा कापसाचे क्षेत्र आक्रसल्याचा चमत्कारिक निष्कर्ष मिळू शकतो. विषय जाणणारा स्टुअर्ड हे पाहताक्षणी पकडतो. संगणक कक्षातल्या तंत्रज्ञाकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

ठेवायचे कुठे

साठवणुकीविषयी थोडक्यात, कारण नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि संस्थेने दिलेली ऑनलाइन जागा. खासगी जीमेलच्या ड्राइव्हवर मुलाखती ठेवू नयेत, आणि संस्थेच्या खात्यावर ठेवल्या तर विद्यार्थी बाहेर पडताना खाते बंद होण्यापूर्वी त्या हलवाव्यात. गूगलने शिक्षण संस्थांना दिलेली अमर्याद जागा २०२२ पासून मर्यादित केली. तेव्हापासून अनेक संस्था जुनी खाती पुसत असतात.

संशोधन संपल्यावर डेटा जमा करायला पैसे लागत नाहीत. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने २०१३ साली सुरू केलेले झेनोडो कुणालाही मोफत वापरता येते, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा मिळते आणि डीओआय क्रमांक मिळतो. म्हणजे तुमच्या डेटाचा संदर्भ निबंधासारखाच देता येतो. फाइल काही काळ बंद ठेवून फक्त नोंद जाहीर करण्याची सोयही आहे, आणि संवेदनशील मुलाखतींना तीच योग्य. समाजशास्त्रीय सर्वेक्षणांसाठी आयसीएसएसआर डेटा सर्व्हिस आहे. जैव विषयांत केंद्राची बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वे २०२१ साली आली, आणि फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले आहे. कोणता डेटा कुठे, हे ठरवून देणे स्टुअर्डचे काम. विद्यार्थ्याने प्रबंध लिहिताना हा शोध घेत बसू नये.

२०१६ पासून जगभर चर्चेत असलेली ‘फेअर’ तत्त्वे म्हणतात की डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. वरचे सगळे त्याच चार गोष्टींसाठी चालले आहे, म्हणून त्यांवर वेगळे व्याख्यान देत नाही. फक्त एक गैरसमज दूर करतो: सापडणे आणि खुले असणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘अशा मुलाखती अस्तित्वात आहेत, मिळवायच्या असतील तर या विभागाला लिहा’ एवढी नोंद असली तरी डेटा सापडला.

कुणाला नेमावे, कुठे बसवावे

मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत, त्यांतल्या कित्येकांत संशोधन केंद्रे. प्रत्येक ठिकाणी माणूस नेमणे अशक्य. माझ्या मते सुरुवात तिघांनी व्हावी: एक सामाजिक शास्त्रांसाठी, एक भाषा आणि मानव्यविद्यांसाठी, एक विज्ञानासाठी. नुकतीच पीएच.डी. झालेला, प्रत्यक्ष क्षेत्रकाम केलेला सहायक प्राध्यापक आणि त्याच्या जोडीला ज्ञानस्रोत केंद्रातला एक ग्रंथपाल. ग्रंथपालाला सूचीकरण, नोंदी, परवाने, इन्फ्लिबनेटशी व्यवहार माहीत असतो, प्राध्यापकाला विषय. दोघांपैकी एकच असेल तर मी ग्रंथपालाला पसंती देईन, कारण प्राध्यापकाला परीक्षेच्या कामातून सवड मिळत नाही आणि विषयाचे ज्ञान विचारून मिळवता येते. अध्यापनाच्या भारात आठवड्याचे चार तास सूट द्या. ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपवलेले काम आदेशाच्या कागदापलीकडे जात नाही.

हा माणूस नजरेस पडावा यासाठी नवी समिती नको. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्या अहवालात एक ओळ वाढवा: डेटा कुठे आहे, किती प्रती, शेवटची प्रत कधी काढली. कोर्सवर्कमध्ये दोन श्रेयांकांचा संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम आहे. त्यात खोटा डेटा, मुक्त प्रकाशन हे विषय येतातच. त्याच तासांत एक सत्र आराखड्याचे घ्या. आणि आठवड्यातून एक ठरलेली दुपार स्टुअर्डने ग्रंथालयात टेबल मांडून बसावे, कुणीही लॅपटॉप घेऊन यावे. पहिले काही आठवडे कुणी येणार नाही. मग कुणाची तरी फाइल उडेल आणि रांग लागेल.

गाइडनाही एक सांगायचे आहे. डेटा कुणाचा, हा वाद आपल्याकडे उघडपणे कुणी बोलत नाही, पण प्रत्येक विभागात एखादा असतोच. विद्यार्थी म्हणतो मी जमवला, सर म्हणतात प्रकल्प माझा. नोंदणीच्या वेळीच अर्ध्या पानावर लिहून ठेवा: मूळ प्रत विभागात, वापराचा पहिला हक्क विद्यार्थ्याचा, किती वर्षांनी इतरांना खुला, दुसऱ्याने वापरला तर श्रेय कसे द्यायचे. दोघांच्या सह्या, स्टुअर्डची तिसरी. संबंध चांगले असतानाच हा कागद होतो. बिघडल्यावर कुणी सही करत नाही.

हे सारे नव्या संशोधनाचे झाले. जुन्याचे काय करायचे? प्रत्येक विभागात निवृत्त प्राध्यापकांची कपाटे आहेत: प्रश्नावल्या, कॅसेट, फ्लॉपी, नमुन्यांच्या वह्या. सगळे वाचवायला निघालात तर काहीच वाचणार नाही. निवडीचा निकष एकच लावा: हे पुन्हा जमवता येईल का? प्रयोगशाळेतली मोजणी बहुधा पुन्हा करता येते, जनगणनेवरून काढलेली कोष्टके पुन्हा काढता येतात, ती राहू द्या. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर घेतलेल्या नोंदी, लोणार सरोवराच्या पाण्याची जुनी मोजमापे, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्यांच्या मुलाखती असे काही हाती लागले तर ते पुन्हा मिळणार नाही, ते आधी घ्या. त्यातही कॅसेट आधी, कागद नंतर. चुंबकीय फीत कागदापेक्षा लवकर खराब होते आणि ती वाजवणारे यंत्र मिळणे दरवर्षी अवघड होत आहे. डिजिटल केल्यावर मूळ वस्तू टाकू नका. आणि प्राध्यापक हयात असतील तर कपाट उघडण्यापूर्वी त्यांच्या घरी जा, रेकॉर्डर चालू ठेवा आणि प्रत्येक गठ्ठ्याविषयी विचारा: हे कोणी, कधी, कोणत्या गावी घेतले आणि या लाल खुणेचा अर्थ काय.